जागल संपल्यावर

मु. चिंचखेड, अंजनगाव सुर्जीजवळ
ता. ५ मे १९३७

चि. सौ. शकुन हिस आत्याचे आशीर्वाद.

गावात दवंडी झाली म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. अक्षय्यतृतीया, इथली आखाजी, उलटली की ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही आणि पट्ट्यामागे मालक नाही, त्याला कुचल्याचा विषारी लाडू घालायचा असे गावाने ठरवले आहे. माझ्या फाटकापाशी एक कुत्री उरली आहे. तिच्यासाठी घर हवे. अकोल्यात तुमच्या ओळखीचे कोणी, एखाद्या वखारीत, कापसाच्या जिनाच्या आवारात, कुठेही, बाराही महिने कुत्रे ठेवणारे असेल तर उलट टपाली कळव. 'बाराही महिने' हे शब्द दोनदा वाच.

तुझे पत्र रामनवमीच्या सुमारास आले. त्याचे उत्तर याच पत्रात देणार आहे. आधी कुत्रीचे काम.

तुम्ही सर्व खुशाल असालच. बाळूचे गणित कसे आहे? त्याला अपूर्णांकांची भीती वाटते. त्याच्या अंगावर ओरडू नकोस, भाकरीचे तुकडे करून दाखव. तान्हीला गुटी देतेस तेव्हा जायफळ दोनच वेढे उगाळ, नाहीतर मूल दिवसा झोपते आणि आईला जागवते. गोवर्धनरावांना उन्हात डोक्यावर रुमाल बांधून जायला सांग. माझी प्रकृती ठीक आहे. विहिरीला पाणी आहे. शालिकराम आपली मागची जमीन अर्ध्या वाट्याच्या बटईने कसतो आणि वेळ उरला की मला अक्कल शिकवतो. तोही ठीक आहे.

मी कुत्री पाळत नाही, हे तुला माहीत आहे. अमरावतीला असताना तू रस्त्यावरचे एक पिल्लू दप्तरात घालून आणले होतेस आणि मी ते परत पाठवले होते. शाळेची मुख्याध्यापिका होते, कुत्र्यांची नव्हे. पण पेन्शन घेऊन इथे राहायला आले, आणि पहिल्याच वर्षी एक कुत्री माझ्या कडब्याच्या गंजीत व्याली. मी तिला बोलावले नव्हते. पिल्ले मोठी झाली, आणखी दोन-तीन कुठून कुठून येऊन मिळाली. रोज सकाळी फाटक उघडले की सगळी मंडळी हजेरीला उभी. त्यांना मी नावे ठेवली नाहीत. ती ठेवली असती तर हजेरी घ्यावी लागली असती.

गेल्या दिवाळीत तुझे पत्र आले. सासूबाई थोरल्या मुलीकडे खांडव्याला जाणार, तुझे दिवस भरत आलेले, तेव्हा आत्या तू ये. मी तेव्हाच ठरवले की या प्राण्यांची सोय लावूनच निघायचे. आणि शकुन, इतके सोपे काम मी आयुष्यात दुसरे केले नाही. ज्वारी कणसात आली होती. एका शेतकऱ्याला म्हटले, कुत्रे हवे का, तर दुसऱ्या दिवशी दारात चौघे उभे. नत्थुजींनी एक नेले, शालिकरामाने एक, नदीकाठच्या मळेवाल्यांनी बाकीची. कोणी हुज्जत घातली नाही. उलट एका कुत्र्यावरून दोघांत बाचाबाची झाली. मी फाटकाला कुलूप लावले आणि अकोल्याची गाडी धरली. तुझ्याकडे आल्यावर मी ही हकीकत किती ऐटीत सांगितली होती! तू पोटाला हात लावून हसलीस आणि म्हणालीस, "आत्या, तू कुत्र्यांचीसुद्धा लग्ने लावून दिलीस."

फाल्गुनात मी परत आले. टांग्यातून उतरले तर फाटकासमोर सगळी बसलेली. बरगड्या मोजता येतील अशी. एकाच्या गळ्यात नत्थुजींच्या घरचे दावे तसेच होते, फक्त कापलेले.

शालिकराम माझी वळकटी उतरवून घेत होता. मी विचारले, "हे तू नेलेले कुत्रे ना?"

"हो ना बाई. लय इमानदार जनावर. डुकराच्या मांगं असं धावे का इचारू नका."

"मग ते इथे काय करते आहे?"

"जवारी घरी आली ना आता."

"ज्वारी घरी आली म्हणून कुत्रे बाहेर?"

"मंग त्यानं आता काय राखावं बाई? धसकटं?"

त्याला माझा प्रश्नच समजला नाही, आणि त्याचे उत्तर मला चांगले समजले. इथे पीक उभे असते तोवर माणसे रात्री शेतात मचाणावर झोपतात. रानडुकरे, कोल्हे आणि चोर यांच्यासाठी ही राखण असते. तिला जागल म्हणतात. जागलीला कुत्रे लागते. ते जवळ झोपते, त्याला भाकर मिळते, बोलायलाही तेच असते. कणसे खुडली, मचाण मोडले, की माणूस घरी जातो. कुत्र्याला कोणी मारत नाही, हाकलत नाही. त्या दिवसापासून त्याच्या वाटची भाकर थापत नाहीत, एवढेच. हे सर्वांना माहीत असते. कुत्र्याला तेवढे माहीत नसते. आणि मला नव्हते, कारण मी हिशेब केला तो कुत्र्यांचा केला, ज्वारीचा केलाच नाही.

मी चावडीवर गेले. म्हटले, आखाजीला तुम्ही सालदार ठेवता ना? वर्षाचा करार करता, मध्येच त्याला 'जा' म्हणत नाही. तशी कुत्री ठेवा. आखाजी ते आखाजी.

नत्थुजी सर्वांकडे बघून म्हणाले, "आयकलं काय? बाई आता कुत्र्याले सालदार ठेवाले सांगून राहिल्या! मंग धोतरजोडा बी द्या लागन का त्याले? अन् जोडे?"

"धोतर नको," मी म्हटले, "भाकर द्या. आणि नत्थुजी, तुमचे दावे माझ्याकडे आहे, ते घेऊन जा. कापलेले आहे."

हशा थांबला. पण कुत्रे कोणी मागितले नाही.

त्या दिवसापासून मी एक नियम केला आणि तो चावडीवर सर्वांना सांगितला. कुत्रे द्यायचे ते उन्हाळ्यातच. शेतात राखण्यासारखे काही नसते, घरात धान्य मोजून काढतात, ऊन असे की माणसाला स्वतःची सावली जड होते. त्या दिवसांत जो कुत्रे मागायला येईल त्यालाच द्यायचे, आणि त्याला नाही म्हणायचे नाही. दिवाळीत मागायला आलेल्याला फाटकातूनच परत लावायचे. उन्हाळ्यात नेलेले कुत्रे दिवाळीत आपोआप कामाला येते. उलटे होत नाही.

नियम करणे सोपे होते. उन्हात कोणी येईना. मग मीच हिंडले. नांदगाव खंडेश्वरला माझी एक जुनी विद्यार्थिनी दिली आहे, तिच्या सासऱ्यांनी, किसनरावांनी, दोन ठेवून घेतली. त्यांना कुत्र्यांचे प्रेम नाही, पण सुनेच्या मास्तरीणबाई उन्हातून आल्या याचा त्यांना धसका बसला. एक स्टेशनातल्या, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्याकडे गेले. सेमाडोहहून एक लाकडाचा ठेकेदार आला आणि आहेत तेवढी सगळी द्या म्हणाला. मला आनंद झाला होता. मग कळले की तिकडे बिबट्या आधी कुत्रे उचलतो, म्हणून त्याला दर हंगामात नवी लागतात. मरायला नेणाऱ्याला माझा नियम लागू नव्हता; त्याला मी पाणी दिले आणि रस्ता दाखवला. एक कुत्रे उन्हाने गेले. बाकीची हळूहळू मार्गी लागली, आणि चैत्र संपता संपता ही एक राहिली.

तिला काळी म्हणतात. मी नाव ठेवलेले नाही, रंगावरून लोकच म्हणतात. उजवा कान फाटलेला. वय झाले आहे. आणि ती भुंकत नाही. चोर आला तर ती उठून त्याला वाट देईल. असे कुत्रे कोण नेणार? फाटकाशी बसते तीसुद्धा घराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. मी पोस्टात निघाले की मागे येते, मी आत गेले की पायरीवर थांबते, मी निघाले की निघते. मी तिच्याशी बोलत नाही. पोस्टमास्तर म्हणतात मी बोलते. त्यांना दुसरे काम नाही.

दवंडीचे कारणही सांगते, नाहीतर तू गावाला क्रूर म्हणशील. गुढीपाडव्यानंतरच्या बाजारात एक पिसाळलेले कुत्रे शिरले आणि नत्थुजींच्या नातीला चावले. पोरीला अमरावतीला नेऊन पोटात सुया टोचाव्या लागल्या. पोर वाचली. ते पाहिल्यावर मी चावडीवर कोणत्या तोंडाने बोलणार? मी फक्त मुदत मागितली. त्यांनी आखाजी दिली. नत्थुजी म्हणाले, "बाई, तुमच्याच नावाचा पट्टा घाला ना तिले. तुमीच ठेवा." मी म्हटले, माझे इथे राहण्याचे नक्की नाही. ते म्हणाले, "कुठं जाता?" मी म्हटले, बघू.

आता तुझ्या पत्राचे.

तू लिहितेस, 'सासूबाई दिवाळीनंतर पुन्हा खांडव्याला जाणार आहेत. आत्या, तू ये. तान्ही चालायला लागेल, बाळूची परीक्षा, माझे एकटीचे चालत नाही. होळीपर्यंतच.' अक्षर चांगले आहे. ऱ्हस्व-दीर्घही बिनचूक.

तुझ्याकडचे ते चार महिने मला फार चांगले गेले, हे मी तुला सांगितले नव्हते. सकाळी बाळू माझ्या पांघरुणात शिरून पाढे म्हणायचा. गोवर्धनराव संध्याकाळी वर्तमानपत्र आधी मला देत. मी तान्हीला न्हाऊ घालायचे. आणि स्वयंपाकघरात मी एक गोष्ट मागितली आणि तू न बघता हात पुढे केलास, जसा तू अमरावतीला करायचीस. इतक्या वर्षांनी.

मग सासूबाईंचे पत्र आले की त्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाळूला घेऊन राजेश्वराच्या देवळात गेले होते. परत आले तर माझी वळकटी बांधून ओटीवर ठेवलेली होती. तू बांधली होतीस. सुंभाची गाठ अगदी मी शिकवली तशी, एका ओढीत सुटणारी. त्यात तुझी काही चूक नव्हती. खोली एकच, त्या वडील, त्यांना यायचे होते. तू माझ्याबरोबर दशम्या दिल्यास, टांग्यापर्यंत आलीस, डोळ्यांतून पाणी काढलेस. ते पाणी खरे होते, मला खोटे ओळखता येते. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे काही घडले नव्हते.

ऊन उतरले. काळीला पाणी ठेवायचे आहे. उरलेले नंतर लिहिते.

ता. १५ मे

हे पत्र पाठवायचे राहिले. तुझ्याकडे कुत्री पाठवण्याचा प्रश्न आता नाही. झाले ते सांगते.

तुला एक गोष्ट माहीत नाही. फाल्गुनात आल्यापासून मी माझी पेटी रिकामी केली नव्हती. रोजचे लुगडे वर काढायचे, नेसायचे, धुऊन वाळले की घडी घालून पुन्हा पेटीतच ठेवायचे. कपाट रिकामे. असे मी का करते आहे, हे मी स्वतःला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर द्यावे लागले असते. तू लिहिशील, 'आत्या, आता इथेच राहा,' आणि मला तयारीला वेळ लागू नये, म्हणून. कुत्रीला पट्टा न घालण्याचे कारणही तेच. तिला माझे नाव दिले असते तर मला बांधून घ्यावे लागले असते.

आणि तुझे पत्र आले ते 'होळीपर्यंत'.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी अंजनगावच्या बाजारात गेले आणि मोच्याकडून एक पट्टा करवून आणला. चांगल्या कातड्याचा, पितळी कडी असलेला. घरी येऊन पेटी उघडली आणि सगळे कपाटात लावले. पेटी माळ्यावर टाकली. मग जेवायला बसले. काळी दारात होती. म्हटले, जेवण झाले की तिला आत बोलवायचे आणि पट्टा घालायचा. म्हणजे मला तिच्याशी बोलावे लागणार होते, आणि पहिला शब्द कोणता बोलावा ते मला सुचत नव्हते.

तेवढ्यात फाटक वाजले. भर दुपारी. बघते तो मनकर्णाबाई. नदीपलीकडे तिचा मोगऱ्याचा लहानसा तुकडा आहे, अंजनगावला फुले आणि भाजी नेऊन विकते. पदर डोक्यावर ओला करून घेतलेला, पायांत काही नाही.

"बाई, एक कुत्री हाय म्हन्ते तुमच्यापाशी."

"आहे. तुला कशाला? तुझे ज्वारीचे शेत कुठे आहे?"

"जवारी नाई न काई नाई."

"मग चोरांचे भय आहे का?"

"माह्या घरात चोर आला त त्यालेच लाज वाटन. काईतरी ठेवून जाईन बिचारा."

"ती भुंकत नाही. आधीच सांगते."

"मी भुंकतो ना! सुनेले इचारा. दोघी भुंकलो त आमाले पाटील गावाबाहीर काढन."

"मनकर्णा, थट्टा नको. कुत्री कशाला हवी?"

ती पायरीवर बसली. पदराच्या टोकाने तळपाय पुसले.

"संध्याकायी भाकर करतो. एकीचं पीठ माह्याच्यानं मयल्याच जात नाई, हाताले सवय नाई. दोन होतात. दुसरी सकायी मीच खातो. सून वेगळी राह्यते. तिच्या दारात गेलो त म्हन्ते, आत्याबाई, काय काम होतं? आता काम असन तवाच जा लागते काय, बाई?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"अन् ते लाडू घालणार हायेत ना परवापासून. म्हटलं उनातच जाऊन घेऊन येतो."

पट्टा माझ्या मागे कोनाड्यात होता. मला एवढेच म्हणायचे होते की कुत्री माझी आहे. खोटे ठरले नसते. तासाभरात ती माझी होणार होती. पण नियम मीच केला होता, चावडीवर सर्वांसमोर सांगितला होता: जो उन्हाळ्यात मागायला येईल त्याला नाही म्हणायचे नाही. गावात तो नियम कोणी मानला नव्हता. ही एक बाई मानून आली होती, अनवाणी.

मी आत जाऊन पट्टा आणला.

"अगाई! नवाच हाय. इतका चांगला कशाले आणला? सुतळी चालली असती."

"तिच्यासाठीच आणला होता," मी म्हटले.

इथे कुत्रे पोत्यात घालून नेतात, वाट दिसू नये म्हणून. मी ते करू दिले नाही. देणाऱ्या घरची अर्धी भाकर मात्र मी दिली. ती नव्या दारात घालायची असते. आणखी एक रीत अशी की देणाऱ्याने फाटकात उभे राहायचे नाही, नाहीतर जनावर मागे वळते. असल्या रीती मी मानत नाही. त्या दिवशी मानली. आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मनकर्णाबाईचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता, "चाल वं माय, चाल, पाय भाजते, लौकर चाल." मग नाही आला.

काळी परत आली नाही. कुत्रे परत न येणे यालाच मी आजवर यश म्हणत आले आहे. दोन संध्याकाळी मी फाटकाची कडी लावली नाही. काल लावली.

तेव्हा तुझ्या पत्राचे उत्तर. दिवाळीनंतर मी येणार नाही. रागाने लिहीत नाही. उद्या तुझ्या घरात दुखणे आले आणि तू बोलावलेस तर निरोप वाचता वाचता निघेन. पण जागलीला येणार नाही.

तू ये. आता ये, याच उन्हाळ्यात, किंवा पुढच्या. मला तुझे काही काम नाही. आजारी नाही, घरात कार्य नाही, निवडायचे धान्य नाही, सांडगेसुद्धा मी घालत नाही. मुलांना आण किंवा आणू नकोस. वळकटी आणू नकोस, अंथरूण इथे आहे.

अमरावतीला तू शाळेतून माझ्या आधी घरी यायचीस आणि पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसायचीस, कारण कुलपाची किल्ली माझ्या कनवटीला. तू दुसरी किल्ली मागितली होतीस. मी म्हणत असे, मी येतेच आहे ना. या घराची दुसरी किल्ली अंजनगावच्या लोहाराने परवा करून दिली. कुलपात दोन वेळा फिरवून पाहिली आहे. जराशी घट्ट फिरते, डावीकडे दाबून फिरव.

शालिकराम मेहुण्याच्या लग्नाला अकोल्याला येतो आहे. पत्र त्याच्याच हाती देते. त्याला जेवायला घाल, आणि तो कुत्र्यांविषयी काही सांगू लागला तर अर्धेच खरे मान.

तुझी,
सुभद्राआत्या

सुपूर्द केले त्याची नोंद.

मनकर्णाबाई, मोगऱ्याचा मळा, नदीपलीकडे, यांस: काळी कुत्री एक, उजवा कान फाटलेला, भुंकत नाही. नवा पट्टा. अर्धी भाकर. बाराही महिन्यांसाठी.

चि. सौ. शकुन हिस, शालिकरामाच्या हाती: घराची दुसरी किल्ली. बाराही महिन्यांसाठी.